होतकरू ट्रेनरांसाठी काही सूचना

आपल्याकडे रिक्षा चालवायची तर बॅज लागतो; माणसं घडवायची तर व्हिजिटिंग कार्ड पुरतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं अगदी पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र घ्यायचं म्हटलं तरी किमान 60 तासांचं शिक्षण आणि 100 तासांचा अनुभव दाखवावा लागतो. त्या फंदात न पडता कार्डावर थेट 'लाइफ कोच' छापून घ्यावं. लाइफ कोणाचं, हे छापायची पद्धत नाही.

ट्रेनर सांगतो, कोच विचारतो, एवढाच फरक ध्यानात ठेवा. कोचिंगमध्ये उत्तरंही गिऱ्हाइकानंच शोधायची असतात. फी आपली.

आता स्लाइड्स. मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड हवाच. त्याच्या 1943च्या मूळ लेखात तो नाही, पण तो लेख वाचलेला माणूस तुमच्या हॉलमध्ये येणार नाही. मग 7-38-55 : संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38, चेहऱ्याचा आणि देहबोलीचा 55. हे आकडे मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे. त्यांचे 1967चे प्रयोग फक्त आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरते होते आणि हा आकडा सरसकट लावू नका, असं त्यांनी स्वतःच बजावलं आहे. कुणी हे काढलंच, तर "छान प्रश्न!" म्हणून चहाचा ब्रेक जाहीर करावा.

पहिलं काम बहुधा मार्चमध्ये मिळेल, कारण एचआरला वर्षाचे ट्रेनिंगचे तास तेव्हाच भरून काढायचे असतात. समजा, चाकणचा कारखाना, विषय 'टाइम मॅनेजमेंट'. समोर तिसरी पाळी करून थेट आलेले सुपरवायझर. बूट अजून पायात, डोळे अर्धे मिटलेले. त्यांना एकेक फुगा द्यावा आणि फुगवायला सांगावं. ते फुगवतात. रात्रभर प्रेस लाइन सांभाळलेला माणूस सकाळी साडेनऊला निमूटपणे फुगा फुगवतो, हा त्याचा मोठेपणा आहे. श्रेय मात्र आपण घ्यायचं, त्याला 'एनर्जी' म्हणतात.

सगळ्यात महत्त्वाचं, जेवण. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या : लोकांना आवडलं का, ते शिकले का, वागणं बदललं का, कंपनीला फायदा झाला का. आपण पहिल्या पायरीवर ऐसपैस बसावं. फीडबॅक फॉर्म गुलाबजाम पोटात गेल्यावरच वाटावेत. कॅन्टीनवाल्याचा हात चांगला असेल, तर तुम्हाला पाचपैकी साडेचार पडतात. पुढच्या तीन पायऱ्या बघायला तीन महिन्यांनी परत यावं लागतं, आणि तोवर ज्यांनी बोलावलं ते एचआर मॅनेजर नोकरी बदलून गेलेले असतात.

बिलाचं म्हणाल, तर त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जाईल. उरलेलं साठ दिवसांत. साठाव्या दिवशी अकाउंट्सला फोन केला, की तुमचा व्हेंडर कोडच उघडलेला नाही असं कळेल. आवाज चढवू नये, तो 38 टक्के असतो. पॅन कार्ड आणि कॅन्सल्ड चेक पुन्हा मेल करावा.