फट कुणी खाल्ली?

लॅपटॉप बंद करा, पण झाकण उघडंच ठेवा. आता त्या काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. दिसलं काही? फंक्शनची बटणं तळाशी, त्यांच्यावर अक्षरांच्या ओळी, स्क्रीनच्या कमरेला स्पेसबारचा लांबडा पट्टा आणि त्याच्याही वर टचपॅडच्या कडेची सरळ रेघ. अख्खा कीबोर्ड उलटा छापून निघालाय. यंत्राला साठ हजार मोजले, छपाई मोफत.

घरचे म्हणणार, "तूच नीट वापरत नाहीस." ऑफिसातले आयटीवाले म्हणणार, "यूजर हँडलिंग." झाकण मिटल्यावर बटणं आणि स्क्रीन यांच्यात जी फट असायला हवी, ती गेली कुठे, हे मात्र कुणीच विचारणार नाही.

ती विकली गेली. जानेवारी २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्सनी कागदपत्रांच्या खाकी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला आणि सभागृहाने टाळ्या पिटल्या. सर्वांत जाड जागी १.९४ सेंटिमीटर! त्यानंतर झाडून सगळ्या कंपन्यांना बारीक होण्याचं वेड लागलं. बारीक व्हायचं तर कुठून तरी कापावं लागतं. डीव्हीडी ड्राइव्ह गेला, नेटवर्कचं पोर्ट गेलं. त्यांच्या नावाने बोंब झाली, कारण जाताना ते दिसले. फट गेली, तिची कुणी साधी चौकशीही केली नाही. वर झाकणही पातळ झालं. म्हणजे बाहेरून दाब आला की ते मधोमध वाकणार आणि स्क्रीन थेट बटणांवर टेकणार.

दाब द्यायला आपण आहोतच. सकाळची लोकल, सॅक पोटाशी, मागून धक्के. सॅकमध्ये लॅपटॉप, त्याच्या झाकणाला खेटून चार्जरचा ठोकळा, त्याला खेटून डबा आणि पाण्याची बाटली. "पण मी स्लीव्हमध्ये ठेवतो ना!" ठेवा की. स्लीव्ह बाहेरचे ओरखडे अडवते. दाब मात्र तिच्यातून बिनतिकीट आत जातो.

या छपाईच्या दोन जाती आहेत. पहिली तेलाची. बटणांवर बोटांचं तेल असतं, शिवाय चार वाजताच्या भडंगाचं असतं. ते स्क्रीनला चिकटतं आणि पुसलं की जातं. दुसरी जात धुळीची. तिने पाडलेला चरा कशानेही जात नाही. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मापात क्वार्ट्झ सातवर बसतं, साधी काच साडेपाचच्या आसपास. खोदून ठेवलेल्या रस्त्यांवरून हिंजवडीला पोचेपर्यंत किती क्वार्ट्झ सॅकमध्ये जमा होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

मॅट स्क्रीनवर तर बहुधा काचही नसते, प्लास्टिकची फिल्म असते. तिच्या माहितीपत्रकात '३एच' असा दर्जा लिहिलेला असतो. ऐकायला लष्करी वाटतं. प्रत्यक्षात ठरावीक दाबाने पेन्सिल ओढून बघतात. थ्री-एच पेन्सिलीने चरा पडला नाही, की माल पास. चित्रकलेच्या तासाला कंपास उघडून कुणालाही घेता येईल अशी ही परीक्षा. पण पोह्यांतून उडालेली मोहरी ही परीक्षा देऊन येत नाही. ती दोन बटणांच्या मध्ये बसून राहते आणि कुणीतरी धाडकन झाकण मिटतं. मग राईचा जो काही पर्वत होतो, तो बिलाच्या आकड्यात.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं समजू नका. २०२०मध्ये ॲपलने ग्राहकांना बजावलं, की कॅमेऱ्यावर झाकणी लावून मॅकबुक मिटू नका, आत जागा अगदी मोजूनमापून ठेवली आहे. लावायचीच असेल तर ती प्रिंटरच्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून, जाड नको. कीबोर्डवरचं कव्हरही काढूनच मिटा. एवढं बजावल्यावर पुढच्याच वर्षी याच कंपनीने स्क्रीन पुसायचं फडकं बाजारात आणलं. भारतात तेव्हा किंमत १,९०० रुपये. तेही कागदाहून जाड. म्हणजे पुसा खुशाल, पण आत विसरू नका.

त्याआधी, २०१५मध्ये, काही रेटिना मॅकबुकच्या स्क्रीनवरचा चकाकी मारणारा लेप डाग पडून निघू लागला होता. गिऱ्हाइकांनी 'स्टेनगेट' असं बारसं करून आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीने गाजावाजा न करता त्या स्क्रीन फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. यातून घ्यायचा धडा असा, की सगळ्यांनी मिळून ओरडलं तर तो मालातला दोष असतो. एकट्याने जाऊन सांगितलं तर काय होतं, ते कुठल्याही सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकायला मिळेल.

"सर, हे फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही."

"अहो, मी फक्त झाकण मिटलं."

"हो सर. तेच."

आता जरा आपल्याकडे वळू. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या हँडलला झालर, नव्या गाडीच्या सीटवरचा कागद पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत तसाच. झाकून ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. आणि नेमकं लॅपटॉपला काय करतो? हौसेने सिलिकॉनचं जाडजूड कीबोर्ड कव्हर आणतो आणि ते तसंच ठेवून झाकण दाबून बसवतो. नसलेल्या फटीत आणखी एक पाहुणा. आणि नव्या लॅपटॉपमध्ये बटणांवर जो पातळ, मऊ कागद किंवा फोमचा पापुद्रा कंपनीने स्वतः घातलेला असतो, तो पहिल्याच दिवशी काढून खोक्यात टाकतो. खोकं वॉरंटीसाठी माळ्यावर.

त्या पापुद्र्याचा विचार करा. कारखान्यापासून तुमच्या दारापर्यंत लॅपटॉप एकदाच प्रवास करतो, तोही थर्माकोल-पुठ्ठ्यात, राजेशाही थाटात. तेवढ्यासाठी कंपनी मध्ये पापुद्रा घालते. पुढे तोच लॅपटॉप वर्षानुवर्षं रोज सॅकमधून धक्के खाणार, तेव्हा मात्र मध्ये काही नाही. कंपनीचा माल असेपर्यंत जपायचा, आपला झाला की ज्याचं त्याने बघायचं.

तर माळ्यावर चढा आणि तो पापुद्रा खाली काढा. धूळ झटकून प्रवासापुरता बटणांवर पसरा. हरवला असेल तर तितकंच पातळ, मऊ, कोरं काहीतरी घ्या. टॉवेलचा तुकडा नको, जाड कापडाने दाब कमी होत नाही, वाढतो. कापडावर धूळ बसली असेल तर तेच स्क्रीन घासणार, म्हणून तेही अधूनमधून धुवा. झाकण मिटण्याआधी बटणांवरून हात फिरवून मोहरी-बिहरी काढा. रोज स्क्रीन पुसण्यापेक्षा रोज बटणं पुसा, कारण तेल तिथून येतं. चार्जर झाकणाच्या बाजूला नको, वेगळ्या कप्प्यात. स्क्रीन पुसायचीच तर आधी धूळ उडवा, मग मायक्रोफायबरचं फडकं किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवा. पाणी फडक्यावर, स्क्रीनवर नाही. खिडक्यांचा निळा स्प्रे आणि अंगातल्या शर्टाचं टोक, दोन्ही बाद. आणि चऱ्यावर टूथपेस्ट चोळायचा सल्ला देणाऱ्याला आधी त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर प्रयोग करू द्या.

हे सगळं करूनही पुढच्या वर्षी आणखी बारीक मॉडेल येईल आणि आपण ते बघायला जाऊच. जाहिरातीत जाडी मोठ्या अक्षरांत असते, वजन त्याहून मोठ्या. मिटल्यावर बटणं आणि स्क्रीन यांच्यात किती फट उरते, हा आकडा मी तरी कुठल्या खोक्यावर छापलेला पाहिला नाही. दुकानात गेलात तर सेल्समनला तेवढा एक विचारा. तो तुम्हाला ईएमआय सांगेल.