बाळूचं बाळंतपण

इंग्लंडात राहून कासव पाळायचं असेल तर त्याचं नाव ठेवायची घाई करू नये. या देशाने हे इतक्यांदा भोगलंय, पण शहाणपण काही आलेलं नाही. सेलबोर्न गावचे गिल्बर्ट व्हाइट हे पाद्रीबुवा. १७८० साली त्यांच्याकडे आत्याच्या माघारी तिचं कासव आलं. टिमथी त्याचं नाव. टिमथी कधी झोपतो, कधी जागा होतो, पाऊस आला की कसा पळ काढतो, हे सगळं बुवांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. इंग्लंडातले निसर्गनिरीक्षक आजही त्यांचं नाव काढताना कानाला हात लावतात. पुढे टिमथीचं कवच संग्रहालयात गेलं, जाणकारांनी उलटंपालटं करून पाहिलं, आणि टिमथी बाई निघाली. बुवांनी सगळं टिपलं, तेवढं एक सोडून.

दुसरा टिमथी डेव्हनमधल्या पाउडरहॅम कॅसलचा. हा तर क्रिमियाच्या युद्धात आरमाराच्या जहाजावर होता. १९२६ साली मालकांच्या मनात आलं, आता याचे दोनाचे चार करून टाकावेत. तपासणीत कळलं की नवरदेव हीच नवरी आहे. लग्न राहिलं, नाव टिमथीच राहिलं, आणि २००४ साली बाई सुमारे एकशेसाठाव्या वर्षी गेल्या. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात फ्रेड नावाचं कासव होतं, त्याचीही पुढे फ्रेडा झाली.

तेव्हा लेस्टरमधल्या आमच्या बाळूने एका जून महिन्यात अंडी घातली, यात या देशाच्या दृष्टीने नवल काहीच नव्हतं. नवल वाटलं ते आम्हाला, कारण बाळूला आम्ही सात वर्षं ‘अरे’ म्हणत होतो.

बाळू हर्मन जातीचं कासव. ही मंडळी मूळची दक्षिण युरोपातली. लेकीच्या हट्टापायी आम्ही त्याला आणलं तेव्हा दुकानदाराने त्याला उचलून, पोटाकडून न्याहाळून, ‘बॉय’ असा निकाल दिला. एवढ्याशा पिलावरून ते कोणालाच सांगता येत नाही, हे आता मला माहीत आहे. वय वाढलं की नराची शेपटी लांब आणि जाड होते, पोटाखालचं कवच थोडं आत दबतं. बाळूची शेपटी आखूडच राहिली. आम्ही म्हटलं, असते एखाद्याची.

अंडी घालायच्या आधी बाळूने खाणं सोडलं आणि बागेच्या कुंपणाला धरून फेऱ्या मारायला सुरुवात केली. मधेच थांबायचं, मागच्या पायांनी माती उकरायची, पसंत नाही म्हणून पुढे जायचं. बायकोला वाटलं पोट बिघडलं. लेकीला वाटलं नैराश्य आलं. मला वाटलं घर बदलायचंय. शेवटी एका दुपारी भिंतीकडेच्या उन्हात बाळूने जागा नक्की केली, माती मऊ व्हावी म्हणून तीवर लघवी केली, आणि चहाची वेळ टळून गेली तरी उकरतच राहिला. मग खड्ड्यात एक पांढरं, लांबोडकं अंडं पडलं. पाठोपाठ आणखी तीन. बाळूने मागच्या पायांनी माती लोटली, पोट आपटून ती चोपली, आणि मागे वळूनही न पाहता डँडेलियनची पानं खायला निघून गेला. म्हणजे गेली. क्रियापदं बदलायला आम्हाला सगळा उन्हाळा लागला.

आईला व्हिडिओ कॉल लावला. आई मंडणगडला असते. तिथून वेळास जवळ. ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण करायला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ पासून काम सुरू केलं, आणि पुढे वेळासचा कासव महोत्सव गाजला. आईने तो प्रत्यक्ष पाहिल्यामुळे कासवांच्या बाबतीत ती स्वतःला अधिकारी व्यक्ती समजते.

“किती घातली?”

“चार.”

“चार? आमच्याकडची शंभर-सव्वाशे घालते आणि लगेच समुद्रात जाते. वय काय हिचं?”

“सात.”

आई क्षणभर गप्प झाली. “सात? मग तो शारदा कायदा काय उगाच केला होता?”

मी तिला समजावलं की कासवात वयापेक्षा अंगाला महत्त्व. जंगलात खाण्याची मारामार असते म्हणून ती सावकाश वाढतात, घरात आयतं मिळतं म्हणून लवकर वयात येतात. हे तिला पटलं, कारण आमच्या नात्यातल्या मुलांबद्दल तिचं हेच मत आहे. पुढचा प्रश्न मात्र तिने नेमका विचारला. “पण जावई कोण?”

आता इथे शेजारच्या बाईंचा उल्लेख करणं आलं. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्याकडे विन्स्टन नावाचं म्हातारं हर्मन कासव आहे, आणि ते खरोखरच नर आहे. आदल्या उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो तेव्हा बाळूला त्यांच्याकडे ठेवलं होतं. दोन नर एकत्र ठेवू नयेत, टकरा घेतात, पाय चावतात, असं मी वाचलं होतं आणि बाईंना बजावलंही होतं. परत आल्यावर त्या कौतुकाने म्हणाल्या, अहो, टकरा झाल्या, थोडं चावणंही झालं, पण नंतर दोघांची छान गट्टी जमली. विन्स्टन मधूनमधून चिरक्या आवाजात ओरडायचा, बहुधा दमत असावा. कासव एरवी मुकं. नराच्या तोंडून असा आवाज निघतो तो एका विशिष्ट प्रसंगी, आणि तो प्रसंग नुसतं दमण्याचा नसतो. शिवाय कासवीण नराचं बीज पोटात जपून ठेवू शकते आणि पुढच्या हंगामात वापरू शकते. आमची सगळी तारीखवार आठवण जुळली. मी बाईंकडे पेढे नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला आणि विचारलं, “चीज आहे का?”

आईच्या हिशेबी त्या क्षणापासून बाई आमच्या विहीणबाई झाल्या.

इंग्लंडच्या मातीत हर्मनची अंडी आपोआप उबत नाहीत, तेवढं ऊन इथे पडत नाही. ती काढून पेटीत ठेवावी लागतात, आणि काढताना फिरवायची नाहीत. कोंबडी अंडी उलटसुलट करत राहते. कासवाचं अंडं मात्र जसं पडलं तसंच राहायला हवं, नाहीतर आत कवचाला चिकटू लागलेला जीव दगावू शकतो. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची. मी एक ते चार आकडे घातले. आई म्हणाली, नुसते आकडे काय, हळदकुंकू लाव. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतला जीव श्वास घेतो, असं म्हणून मी ते टाळलं.

आता घरात कायम ऊब राखणारी वस्तू एकच होती, बायकोची इडलीच्या पिठाची पेटी. इथल्या थंडीत पीठ फुगत नाही म्हणून तिने थर्माकोलचा खोका, रोपांखाली घालायची विजेची चटई आणि थर्मोस्टॅट असा सरंजाम मोठ्या कष्टाने जमवला होता. पिठाला लागतात तीसेक अंश, अंड्यांना एकतीसच्या आसपास. एवढ्या साम्यावर मी तो खोका ताब्यात घेतला. तळाशी ओलसर व्हर्मिक्युलाइट, कोपऱ्यात पाण्याची वाटी, मधे चार अंडी. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे इडल्या चपट्या झाल्या, आणि प्रत्येक चपट्या इडलीबरोबर बायको माझ्याकडे काही न बोलता बघायची.

आईचे सल्ले रोज येत. आंब्यासारखी गवताच्या अढीत घाला. वेळासला घरट्यावर टोपली ठेवतात, तशी ठेवा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनी लाडू नाकारले आणि कवच बनवण्यात खर्ची पडलेलं कॅल्शियम भरून काढायला कटलफिशचं हाड द्यायला सांगितलं. हे म्हणजे आपलं समुद्रफेन, आजीच्या बटव्यातलं. आई म्हणाली, “बघ, शेवटी आयुर्वेदावरच आले.” कुरिअरने आलेले लाडू मी खाल्ले. एवढी बडदास्त कोणी सासुरवाडीलाही ठेवली नव्हती.

सगळ्यात मोठा पेच कूर्मदृष्टीचा झाला. कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने पोसते, हे संतांपासून सगळे सांगत आले आहेत, तेव्हा बाळूची नजर अंड्यांवर पडलीच पाहिजे, असं आईचं म्हणणं. मी बाळूला आणून पेटीसमोर ठेवलं. आईने तिकडून हात जोडले. बाळूने मान लांब केली, टक लावली, आणि पुढे झेपावून थर्मोस्टॅटचा दिवा चावला. कासवांना तांबड्या रंगाची फार ओढ. बायकोचं नेलपॉलिशही तिला असंच वात्सल्याने दिसतं. आई म्हणाली, “पहिलटकरीण आहे, शिकेल.”

आता तापमान. हर्मन कासवाचा मुलगा होणार की मुलगी, हे बीजावर नसतं, उबेवर असतं. साधारण एकतीसच्या खाली मुलगे, साडेएकतीसच्या वर बहुतेक मुली. म्हणजे घरात पहिल्यांदाच असं झालं की या प्रश्नाचं बटण कोणाच्या तरी हातात होतं. लेकीला मुलगी हवी होती. विहीणबाईंना विन्स्टनचा वारस हवा होता. मुली बऱ्या, नर मोठे झाले की एकमेकांना जगू देत नाहीत, असं पाळणारे अनुभवी लोक म्हणतात, म्हणून मीही लेकीच्या बाजूचा. कोल्हापूरची माझी मावसबहीण स्त्रीरोगतज्ज्ञ. मी तिला सहज विचारलं तर ती फोनवर ताठ झाली. “तू मला हे विचारूच नकोस. १९९४ चा कायदा आहे. माझ्या दवाखान्यात पाटी लावलेली आहे.” कासवाचं आहे म्हणून सांगितलं, तरी तिने फोन ठेवला.

रात्री पाणी प्यायला उठलो की थर्मोस्टॅट बत्तीसला दिसे. मी तो एकतीसवर आणत असे, कारण फार वर गेलं तर पिलाला धोका. सकाळी तो तिसावर असे. आता घरात तिसाचा लाभ कोणाला होता, हे शोधायला फार अक्कल लागत नव्हती. कपाटाच्या मागे इडलीच्या पिठाचं एक लहान पातेलं पेटीला टेकवून ठेवलेलं सापडलं.

काही आठवड्यांनी अंधारात टॉर्च लावून पाहिलं. ज्यात जीव असतो त्या अंड्याचं कवच खडूसारखं पांढरं होत जातं, आत लाल शिरा दिसतात. दोन अंडी नुसतीच पिवळीधमक उजळली. वयात नुकत्याच आलेल्या मादीचं असं होतंच. तिसऱ्यात शिरा दिसल्या, आणि पुढे दिसेनाशा झाल्या. लेकीने ते अंडं गुलाबाखाली पुरलं, आणि दोन दिवस घरात कोणी थर्मोस्टॅटला हात लावला नाही.

चौथं राहिलं. वेळासची पिलं पन्नास-पंचावन्न दिवसांत बाहेर येतात, म्हणून पन्नासाव्या दिवसापासून आईने फोनवर तळ ठोकला. हर्मनला दोन ते तीन महिने लागतात, हे तिला मंजूर नव्हतं. “दिवस भरून गेलेत. डॉक्टर बदला.” शेवटी ऑगस्टअखेर एका सकाळी कवचाला तडा दिसला. पिलाच्या चोचीच्या टोकावर एक तात्पुरता दात असतो, तेवढ्यासाठीच दिलेला. त्या दाताने पिलाने एक भोक पाडलं, नाक बाहेर काढलं आणि विश्रांती घेतली. ही विश्रांती एक-दोन दिवसांची असू शकते, कारण पोटाखाली उरलेला बलक आत ओढून घ्यायचा असतो. मदत म्हणून कवच सोललं तर जीवही जाऊ शकतो. पण मराठी घरात कोणी अडलेलं असताना हात बांधून बसायची पद्धत नाही. आईने सुंठ सुचवली. बायकोने चिमटा गरम पाण्यात उकळून ठेवला, “नुसता जवळ असू दे.” विहीणबाई विणकाम घेऊन आल्या आणि पेटीशेजारी बसल्या. आपल्याकडच्या कुठल्याही प्रसूतिगृहाबाहेर त्या सहज खपून गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिलू बाहेर आलं. अक्रोडाएवढं, आणि चेहऱ्यावर भाव असा की हे सगळे कोण आहेत.

मुलगा की मुलगी, ते आता काही वर्षं कळणार नाही. आमच्या घरातल्या तापमानाचा एकूण इतिहास पाहता निसर्गालाही निर्णय अवघड गेला असणार. म्हणून नाव ठेवलं किरण. टिमथीच्या देशात तेवढी खबरदारी आम्ही घेतली.

बारशाच्या दिवशी विहीणबाईंनी हळूच विषय काढला. पिलू त्यांना हवं होतं, आणि हवे ते पैसे द्यायला त्या तयार होत्या. मी सांगितलं, पैसे घेतले तर सरकारचं आर्टिकल टेन सर्टिफिकेट लागतं, तसंच न्या. तेवढ्यात पाळण्याशेजारी ठेवलेल्या फोनमधून आईने विचारलं, काय म्हणतायत त्या? मी सांगितलं.

“त्यांना सांग,” आई म्हणाली, “पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ लगेच सासरी नेत नाहीत.”

मी भाषांतर केलं. विहीणबाईंनी ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं, चष्मा लावला, पर्समधून डायरी काढली आणि विचारलं, साधारण कधी नेतात? आईने सव्वा महिना सांगितला. बाईंनी तारीख लिहिली, आणि त्या दिवशी येताना काय आणायचं असतं तेही विचारलं.

“साडी,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “आणि इडलीच्या पिठासाठी नवी पेटी.”