मोटर जुनी, सदस्य नवा

देशाच्या संरक्षणाची चिकित्सा संसद किती चपळाईने करते, हे तिवशाच्या नगरपंचायतीने जरूर शिकावे. मार्च २०१८ मध्ये भुवनचंद्र खंडुरींच्या संसदीय स्थायी समितीने अहवाल मांडला: लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट, अत्याधुनिक अवघी ८ टक्के. त्याच आठवड्यात लोकसभेने संरक्षणासकट साऱ्याच खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून, चर्चेविना मंजूर केल्या. शत्रूचे क्षेपणास्त्र काही मिनिटांत येते. आपण का तासन् तास बोलत बसायचे?

सप्टेंबरमध्ये समितीचा अध्यक्षच बदलला. सामग्री बदलण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

आम्ही तिवसेकर मात्र अजून मागासलेले. पाण्याची मोटर जळाली असे कुणी सभेत म्हणाले, की मेकॅनिक बोलावतो, कॉइल उघडून बघतो, बिलावरून भांडतो. अरे बाप्पा, सदस्य बदला ना! मोटर आपोआप धडधडेल.

संरक्षणाची चपळाई आमच्या वाटेवरही दिसते. तिवशाहून अमरावतीला निघाले की वाटेत नांदगाव पेठ लागते. तिथे भारत डायनॅमिक्सचा क्षेपणास्त्र कारखाना व्हायचा, अतिलघु पल्ल्याच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांसाठी. त्या क्षेपणास्त्रांची निविदा २०१० ची. सर्वांत कमी बोली कुणाची, ते २०१८ मध्ये ठरले. शत्रूच्या वैमानिकांनी तोवर दाखवलेल्या संयमाबद्दल सभागृहाने आभाराचा ठराव घ्यायला हवा होता.

एक नम्र सूचना. शत्रूचे क्षेपणास्त्र आलेच, तर ते पाडण्याच्या खटपटीत पडू नये. सरळ स्थायी समितीकडे पाठवावे. तिथून पुढे ते कुठेही जाऊन पडणार नाही.