वाकळेला कात्री

मेंदीचं कुंपण जिथं विरळ झालंय, तिथं आमची रोजची बैठक. काकू पलीकडून, मी अलीकडून. परवा मी नवी वाकळ उन्हात टाकली आणि नेमकी काकूंच्या नजरेला पडली.

"अगं, कड अशी नागमोडी का गं हिची?"

"हळू बोला काकू. टेलरकडं दिलेली गोट मारायला."

"घेतलं किती त्यानं?"

आकडा सांगितला. काकूंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणजे आता विषय लवकर मिटणार नव्हता.

"आणि आतले थर कुठं गेले? कापलंस व्हय?"

"चारी बाजूंनी. पुढंमागं झालेले सगळे. म्हटलं, एकसारखं करून टाकावं."

"वाकळेला कात्री लावलीस!"

आवाज असा, की समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या वहिनींनी मान वर केली.

"आमची आई काय करायची," काकू सुरू झाल्या, "वरचं लुगडं चार बोटं मोठं घ्यायची. आतली चिरगुटं आत, कड दुमडून त्यांच्यावर. आणि धावदोरा कडेपासनं घालायला घ्यायची. फिरत फिरत मधी यायचं. कापड सरकलं, फुगलं, तर ते मधी येतंय. तिथं एक ठिगळ दिलं की झालं काम. तू कुठनं सुरू केलीस?"

"मधनं. मोबाईलवर एक बाई तसंच दाखवत होती."

"मग सगळं सरकून कडेलाच येणार की! तुझी ती बाई कापत असंल, तिला कापावंच लागतंय."

खरं सांगते, आठ दिवस सुई चालवून मला जे कळलं नाही, ते कुंपणावर मिनिटात कळलं. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कौदी शिवतात, त्याही कडेपासूनच आत येतात, आणि शेवटी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचं 'फूल' लावतात. हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं वेळेवर कुठं आठवतंय!

"बरं, कापलंस ते कापलंस. मापलंस का?"

"नजरेनं."

काकूंनी परकराची एक नवी नाडी आणली. एक टोक मी धरलं, एक त्यांनी. या कोपऱ्यापासून तिरकं त्या कोपऱ्यापर्यंत. मग दुसरी तिरकी बाजू. चांगला चार बोटांचा फरक.

"पतंग झालाय बघ. दोन्ही तिरक्या सारख्या भरल्या तरच कोपरे काटकोनात. आणि टेलरचं म्हणशील, तर त्यानं कच्चा टाका घातलाच नसंल. मशीनचे दात खालचा थर ओढतात, वरचा मागं राहतोय. त्यात घाईनं वाकळ ताणून घातली, मग कड लाटा मारणारच. त्याच्या बायकोचं पोलकं बघितलंस का कधी? बाह्या एक वर, एक खाली."

पोलक्याचा इथं काही संबंध नव्हता. पण ऐकायला बरं वाटलं.

"आता काय करू?"

"उसव. आणि उरेबी पट्टी कशाला आणायची ती? वाकळेची कड सरळ, तिला सरळ पट्टी चालतीया. गोलाईला लागतो तिरका काप. माझ्याकडं सासूबाईंचं इरकल आहे. पोट विरलंय, काठ मात्र घट्ट."

मग हिशेब निघाला. वाकळ 5 बाय 7, म्हणजे भोवती 24 फूट. लुगडं 9 वार, म्हणजे 27 फूट. एकच काठ अख्ख्या वाकळेला पुरतो, वर 3 फूट कोपऱ्यांना आणि शेवटच्या सांध्याला. मधे जोड नाही. लुगड्याकडची कापलेली बाजू आधी शिवायची, विणलेली बाजू पाठीमागं वळवायची. तिचा दोरा सुटत नाही, म्हणून दुमडायलाही नको. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं, पट्टी वर तिरकी मोडायची, मग खाली घ्यायची आणि पुढच्या बाजूला लागायचं. हे काकूंनी मेथीच्या काडीवर रुमाल गुंडाळून दाखवलं.

"नवा काठ असता तर आधी भिजवून घे म्हटलं असतं. ह्यो किती पावसाळे धुतलाय, आता काय आटायचा न्हाई."

"काकू, पण लुगडं कापायचं? सासूबाईंची आठवण..."

"पेटीत ठेवून आठवण काय करतीया? कसर खातीया." मग कुंपणावर वाकून, आवाज एकदम खाली. "फक्त जाऊबाईंना बोलू नकोस. ते इरकल त्यांच्या वाटणीचं, असं त्या तीस वर्षं म्हणतायत."

काकू लुगडं आणायला आत गेल्या, तेवढ्यात त्यांचं फाटक वाजलं. पिशवी, छत्री, आणि मागोमाग जाऊबाई. मी वाकळ गोळा करून पोटाशी धरली.

"काय गं, एवढ्या उन्हाची वाकळ आत नेतीयास?"

"आभाळ आलंय वाटतं," मी म्हटलं.

वर ढगाचा ठिपका नव्हता.