आपण मुलीकडचे

सहलीला माणसं नाना कारणांनी जातात. कुणाला फोटो काढायचे असतात, कुणाला घरची भुणभुण एक दिवस थांबवायची असते. भाऊ जातात ते नातेवाइकांची विचारपूस करायला. ते नातेवाईक तीन-चारशे वर्षांपूर्वी गेलेले असले तरी भाऊंची त्याला हरकत नसते.

असा भाऊ गावोगावी असतो, पण देऊळगाव राजात त्याचं पीक जोमदार येतं. गावाच्या नावातच 'राजा'. बालाजीचं देऊळ जाधव राजांच्या घराण्यानं उभं केलेलं, आणि गाडीनं अर्ध्या तासावर सिंदखेड राजा, जिथं 1598 साली जिजाऊ जन्मल्या. एवढ्या भांडवलावर भाऊंनी निम्म्या महाराष्ट्राशी सोयरीक जोडलेली आहे. आडनाव जाधव नसलं म्हणून काय झालं, 'गावकीचं नातं' असतंच.

तर ज्येष्ठ नागरिकांची एकदिवसीय सहल निघाली. जालन्यावरून छत्रपती संभाजीनगर, मग दौलताबाद, मग वेरूळ. पहाटे पाचला टेम्पो ट्रॅव्हलर सुटली. ड्रायव्हरशेजारची सीट भाऊंनी आदल्या रात्रीच रुमाल टाकून धरलेली. मांडीवर पेढ्यांचा पुडा. कुणी हात लावला की म्हणायचे, "तो तुमच्यासाठी नाही."

बीबी का मकबरा त्यांनी घर बांधलेल्या माणसाच्या नजरेनं पाहिला. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, आई दिलरास बानूसाठी हा बांधला, हे ऐकून पोराला पसंतीचा शेरा मिळाला. खाली कमरेइतका आणि वर घुमटाला संगमरवर, मधे नुसता चुन्याचा गिलावा, हे कळल्यावर "पैसा आटला असंल, बांधकामात व्हतंच," अशी समजूतही त्यांनीच काढली. खर्च 6,68,203 रुपये आणि 7 आणे झाल्याची नोंद आहे, असं गाईड म्हणाला. भाऊ त्या सात आण्यांवर भाळले. "आना न आना लिहून ठेवला! नाहीतर आताचे ठेकेदार." पाणचक्कीत मात्र त्यांचं मन लागलं नाही. तिथं आपलं कुणी नव्हतं.

खरे भाऊ दिसले दौलताबादला. गाईड पोरगा तरतरीत. देवगिरीचे यादव झाले, चाँदमिनार झाला, 1327चा तुघलक आपली दिल्ली घेऊन आला, खंदक झाला, अंधारी झाली, मेंढा तोफ झाली. बाकीचे माना डोलावत होते. भाऊ घाम पुसत थांबले आणि म्हणाले, "ते तुघलकाचं राहू द्या. आमच्या राजांना कुठं मारलं ते दाखवा."

"कोणते राजे, काका?"

"काहून? लखुजीराजे!"

मग भाऊंनीच सांगितलं. 1629चा जुलै. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव निजामशहाच्या दरबारात मुजऱ्याला आले, तेव्हा याच किल्ल्यात दगा करून त्यांना कापलं. संगती दोन मुलगे आणि नातूही गेला. सांगताना भाऊंचा सूर असा, की जणू परवाच निरोप आला आणि पोलीस पाटील अजून पंचनाम्याला यायचे आहेत. गाईडनं एका पडक्या भिंतीकडं अंदाजानं हात केला. भाऊंनी टोपी काढली, परत घातली आणि विचारलं, "मारणाऱ्याचं पुढं काय झालं?"

"चार वर्षांत, 1633ला, मोगलांनी हा किल्ला घेतला. निजामशाहीच बुडाली."

"लागतो तळतळाट," भाऊ समाधानानं म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. वैऱ्याच्या गावचं पाणी पिऊ नये, म्हणून त्यांनी चहा नाकारला, इतरांनाही घेऊ दिला नाही. सीताफळाच्या टोपल्यांकडं तर बघूही देईनात. (मागच्या सीटवरच्या मावशींनी पदराआड चार घेतलीच. जालन्याची हद्द लागल्यावर त्यातली दोन भाऊंनी खाल्ली.)

वेरूळला पोचलो तर लेणी बंद. मंगळवार होता, गाडी मंगळवारी स्वस्तात मिळाली ती का, हे तेव्हा उमगलं. कैलास लेणं हुकलं म्हणून सगळे हळहळले, एकटे भाऊ खुशीत. "लेणी कुठं पळतात? चला, व्याह्यांचं घर पाहू." व्याही म्हणजे भोसले. मालोजीराजे, शहाजीराजे यांचं हे गाव. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही मालोजीराजांनी केलेला. भोसल्यांच्या गढीपाशी पेढ्यांचा पुडा अखेर सुटला. "आम्ही सिंदखेडकडचे," असं म्हणत भाऊंनी तिथल्या रखवालदाराच्या हातावर चार पेढे ठेवले. त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, "काय, मुलगा झाला का?" आम्हाला दरडावून सांगितलं होतं, "आवाज खाली. आपण मुलीकडचे."

भुका लागल्या. डबे सोडायच्या वेळी भाऊ अडून बसले. लेकीला मूल होईस्तोवर माहेरच्यांनी तिच्या सासरी जेवू नये, असा रिवाज. भाकरी हातात धरून सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. भाऊंनी बोटांवर हिशेब केला. "थोरले संभाजीराजे झाले. मग शिवाजीराजे झाले." त्यांनी ठेच्याचा डबा उघडला. "बसा. जेवायला हरकत नाही."

परतीच्या वाटेवर पुढच्या सहलीचा विषय निघाला. निवृत्त गुरुजींनी अजिंठा सुचवला. भाऊ म्हणाले, "तिथं कशाला? तिथं आपलं कोण राहतं?"

गुरुजींनी चष्मा सारखा केला. अजिंठ्याची पुष्कळ लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, आणि त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम.

"वाशीम?" भाऊ सीटवर गर्रकन मागं वळले. "आधी काहून नाही सांगितलं? वाशीमला माझी मेहुणी दिलीय! लिहा नाव. अन् गाडी सोमवारची घेऊ नका, सोमवारी ते बंद असतात."