तात्या आणि स्वीटवॉटरचा खसरा

रायपूरच्या मराठी घरांत एक जमात हमखास सापडते : निवृत्त महसूलवाला. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी, कुठेही जा, एखादा भेटतोच. आमचे तात्या त्यातलेच. आरआय, म्हणजे राजस्व निरीक्षक. नोकरीला लागले मध्य प्रदेशात, निवृत्त झाले छत्तीसगडात. मधे 2000 साली राज्य बदललं, तात्यांचं टेबल नाही. आपले पूर्वज बिंबाजी भोसल्यांबरोबर नागपूरहून रतनपूरला आले, असं ते छातीठोकपणे सांगतात. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा कागद मागणाऱ्या या माणसाकडे त्या एका गोष्टीचा कागद नाही. घरात तो विषय कुणी काढत नाही.

तर अशा तात्यांनी सत्तरी ओलांडली तरी एकही वेस्टर्न पाहिला नव्हता. ‘मेकॅनाज गोल्ड’ मित्रांनी तीन-तीनदा पाहिला, तेव्हा हे पटवारी ट्रेनिंगला. शेवटी पुतण्याने एका रविवारी त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि सर्जिओ लिओनेचा 1968 चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ लावला. पावणेतीन तासांचा ऐवज. काकूंनी ठेठरीचा डबा पुढे ठेवला, ही त्या दिवसातली मोठी चूक.

कारण पहिली दहा मिनिटं या सिनेमात जवळजवळ कुणी बोलतच नाही. ओसाड स्टेशन, गाडीची वाट पाहणारे तीन बंदूकवाले, किरकिरणारी पवनचक्की. एकाच्या टोपीवर थेंब थेंब पाणी पडतंय, एकाच्या तोंडावर माशी, एक बोटं मोडतोय. त्या शांततेत तात्यांच्या दाढेखाली ठेठरी. कुर्रम. पवनचक्की. कुर्रम.

“हा कुणाच्या नावानं बोटं मोडतोय?”

“तात्या, बघा ना.”

“बघतोय. स्टेशन मास्तरला कोंडलंय. शासकीय कामात अडथळा.”

मग मॅकबेन कुटुंबाची कत्तल झाली. पुतण्या कुजबुजला, की ‘शोले’तल्या ठाकूरच्या घरावरचा हल्ला यावरूनच सुचला म्हणतात, आणि इथेही नायक माउथ ऑर्गन वाजवतो. तात्यांच्या पिढीला ‘शोले’बद्दल असं काही ऐकवत नाही. पण महसूलवाल्याचं मन भावनेवर चालत नाही, तारखेवर चालतं.

“शोले कधीचा?”

“पंधरा ऑगस्ट 1975.”

“आणि हा अडुसष्टचा.” तात्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे नोंद याची, कब्जा शोलेचा.”

इतका नेमका निकाल मी कुठल्याही समीक्षकाकडून वाचलेला नाही.

पुढे मात्र तात्यांनी ठेठरी सोडली. झालं असं, की मॅकबेनने वाळवंटातली एक जमीन घेऊन ठेवलेली असते, कवडीमोल, स्वीटवॉटर नावाची. रेल्वे तिथूनच जाणार हे त्याने ताडलेलं असतं. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, आणि पन्नास मैलांत पाणी तेवढंच. अट एकच : रूळ पोचायच्या आत तिथे स्टेशन उभं पाहिजे, नाहीतर हक्क गेला. तात्या खुर्चीत पुढे सरकले. “आमच्या धमतरीच्या छोट्या गाडीचं इंजिनसुद्धा पाणी प्यायला थांबायचं,” ते म्हणाले. “अरे, ही भूअर्जनाची केस आहे! मला आधी का नाही सांगितलंत?”

यानंतर आम्ही सिनेमा पाहिला नाही, सुनावणी पाहिली. हेन्री फोंडा आयुष्यभर सज्जन माणसं करून इथे पहिल्यांदाच असला थंड खलनायक झाला, हे पुतण्या सांगत होता; तात्यांना फोंडाशी घेणं नव्हतं. त्यांची नजर क्लॉडिया कार्डिनालवर होती, तीही वारस म्हणून. लग्न न्यू ऑर्लिन्सला झालं, मग दाखला कुठाय? फौती कुणी नोंदवली? रकबा किती? लिलावात फोंडाची माणसं बोली चढू देत नाहीत, तेव्हा तात्या हसले. “हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.” कुठे, ते सांगितलं नाही. मग चार्ल्स ब्रॉन्सन येतो आणि पाच हजार डॉलरची बोली लावतो. रोख नाही, तेवढं इनाम डोक्यावर असलेला दरोडेखोरच हजर करतो. तात्या उठून उभे राहिले.

“माणूस तारण! आणि या बोलीदाराचं नाव काय?”

“त्याला नावच नाही, तात्या. सगळे हार्मोनिका म्हणतात.”

“नाव नाही, वडिलांचं नाव नाही. लिलाव रद्द.”

शेवटच्या द्वंद्वात, मोरिकोनेचं संगीत टिपेला पोचलं असताना, तात्या पाठमोऱ्या ब्रॉन्सनच्या मागे दिसणाऱ्या जमिनीत सीमाचिन्हं शोधत होते. रूळ आले, स्टेशन उभं राहिलं, कार्डिनाल मजुरांना पाणी द्यायला निघाली. काकूंनी डोळे पुसले.

“अट मुदतीत पुरी झाली,” तात्या म्हणाले. “पिक्चर चांगला आहे. नामांतरण दाखवलं नाही, तेवढं सोडलं तर.”

गंमत म्हणजे, सूड आणि संगीत यांच्या नादात हा सिनेमा मुळात एका जमिनीच्या तुकड्याचा आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पण हे तात्यांना कळवू नका. पुढच्या रविवारी ‘मेकॅनाज गोल्ड’ ठरलाय. यायचं असेल तर खाणपट्ट्याचे नियम वाचून या, आणि ठेठरी आणू नका.