जीपची बदली

राजधानीच्या परिसरातल्या मराठी घरांना बदलीचं बाळकडू मिळालेलं असतं. कुणाचे आजोबा सचिवालयात बदलून आले, कुणाचे वडील रेल्वेत, कुणी लष्करात. मी स्वतः दोन वर्षांच्या बोलीवर गुरुग्रामला आलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. माणसांच्या बदल्या पुष्कळ पाहिल्या. जीपचीही बदली होऊ शकते, हे मात्र २०२४ साली कळलं.

जीप २०१४ची. डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी, आणि बसणाऱ्याच्या पाठीचे मणके एकेक करून मोजून घेणारी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५च्या एप्रिलमध्ये या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली. २०१८च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा जीप चार वर्षांची होती आणि मी निर्धास्त. पोराचं लग्न अजून लांब आहे म्हणणाऱ्या बापासारखा. बघता बघता दहा वर्षं भरली. मग २०२५च्या जुलैत दिल्लीच्या पंपांवर म्हाताऱ्या गाड्यांना तेल देणं बंद झालं आणि चार-दोन दिवसांत ते पुन्हा सुरूही झालं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने कारवाई थांबवायला सांगितलं. पॅरोलवर सुटलेल्या माणसाला घरात ठेवताना शेजारी जसे बघतात, तसे आमच्या सोसायटीतले लोक जीपकडे बघू लागले.

खरं तर तिला वापरायला दिवस तरी किती मिळायचे? मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो आणि कापडी छताच्या जीपमध्ये बसणं म्हणजे तंदुरात बसणं. हिवाळ्यात हवा बिघडली की ‘ग्रॅप’ नावाच्या निर्बंधांचा तिसरा टप्पा लागतो. मग बीएस-चार डिझेल गाडी गुरुग्रामच्या रस्त्यावर आणायची नाही. उरला पावसाळा. सफदरजंगच्या वेधशाळेत वर्षाला साधारण ७७५ मिलिमीटर पाऊस मोजतात. आंबोलीला सात हजारांच्या आसपास पडतो. आमचा वर्षाचा कोटा तिथे आषाढातल्या एका आठवड्यात संपू शकतो. पाच-सहा जणांचा आमचा कंपू दर रविवारी सोहन्याच्या बाजूला एका शेतमालकाला पैसे देऊन त्याच्या पडीक जमिनीत गाड्या घालतो. चिखल हवा म्हणून तो ट्यूबवेल सोडतो आणि चिखलाचे तासावर पैसे लावतो. विकत घेतलेल्या चिखलात मजा नाही, हे मला तिथे कळलं. बाटलीबंद ताकासारखं लागतं ते.

एकदाच खरं पाणी मिळालं. २०१६च्या जुलैअखेर बादशाहपूरचा नाला उलटला, हीरो होंडा चौकाचं तळं झालं आणि अख्खं गुरुग्राम रात्रभर जागच्या जागी उभं राहिलं. लोकांनी त्याला ‘गुरुजाम’ नाव दिलं. त्या रात्री मी दोरी आणि शॅकल काढून तीन गाड्या ओढून बाहेर काढल्या. एका गृहस्थाने जाताना हात जोडून “भाईसाहब, आप तो भगवान हो” असं म्हटलं. बायको अजूनही भाजी आणायला पाठवताना मला त्याच नावाने हाक मारते.

तर, पावसाच्या मुलखात जाऊन राहावं हा विचार असा हळूहळू मुरला. माझं काम संगणकावरचं, कुठूनही होण्यासारखं. मुलगी शिकायला बंगळूरला. देवरुखला मामांच्या घराशेजारी आमची चार गुंठे जागा आणि पडवीचं एक पडकं घर. मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे लिहिलं: तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याचा लाल चिखल, पऱ्ये, घाट, पंधरा वर्षांपर्यंत नोंदणी आणि पुढेही दर पाच वर्षांनी नूतनीकरण. उजवीकडे पहिलाच शब्द आला, गंज.

इथल्या कोरड्या हवेत लोखंड म्हातारं होत नाही. दहा वर्षांनी जीपखाली पाठीवर झोपून पाहिलं, तर चासीवरचा काळा रंग जसाच्या तसा. देवरुखात मामांच्या लोखंडी फाटकाची तीन पावसाळ्यांत जाळी झाली. थोडक्यात, दिल्लीत गाडीला गंज लागत नाही, कायदा लागतो. कोकणात कायदा लागत नाही, गंज लागतो. तिला मरण कुठे यावं, एवढंच मी ठरवायचं होतं. आणि ते ठरवताना आपल्यालाही हाच प्रश्न लागू आहे, हे पन्नाशीच्या माणसाला कळतं. पण वहीत तिसरा रकाना मी पाडला नाही.

मामांना फोन केला. चिखलात गाडी चालवणं हा कसा खेळ आहे, मलेशियात १९९७ पासून ऐन पावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ कशी भरते, २०१४ पासून ती गोव्यातही पावसाळ्यात कशी होते, हे सगळं समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे गाडी मुद्दाम चिखलात घालायची?”

“हो मामा.”

“आणि मग काढायची?”

“हो.”

“अरे मेल्या, याला आम्ही जुलै महिना म्हणतो.”

पुढे ते म्हणाले की खेळच बघायचा तर श्रावणात ये, नांगरणी स्पर्धा बघ. गावोगावच्या बैलजोड्या चिखलाने भरलेल्या शेतात सोडतात. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. जोत धरणारा मागून घोटाभर चिखलात धावतो. चार पायांना जोर, टायरला दात नकोत, डिझेल नको, विंच नको. जीपच्या गप्पा मारायला मला त्यानंतर थोडा संकोच वाटला.

आणखी एक बारीकशी गोष्ट टोचत होती. गोव्याच्या त्या स्पर्धेत चंडीगडचे चालक येऊन जिंकून गेलेले आहेत. म्हणजे कोरड्या मुलखातला माणूस ट्रेलरवर जीप घालून दोन हजार किलोमीटर येतो, ओल्या मुलखातल्या चिखलातून पार होतो आणि ढाल घेऊन घरी जातो. ज्याच्या अंगणातच चिखल असतो तो बिचारा त्यातून पाय काढून ओसरीवर कसं यायचं याच विचारात असतो. चिखलाची हौस राहायला चिखलापासून लांबच असावं लागतं की काय?

मराठी माणसाचं आणि उत्तरेतल्या पाण्याचं तर जुनंच बिनसलेलं आहे. १७६०च्या पावसाळ्यात भाऊसाहेबांची फौज दिल्लीत, अब्दाली पलीकडच्या काठावर, मध्ये दुथडी यमुना. ऑक्टोबरअखेर भाऊ कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपतजवळ उतार शोधला आणि काही माणसं वाहून गेली तरी फौज अलीकडे आणली. पाण्यात गाडी घालण्याआधी उतरून, काठी टेकत, खोली बघावी हा आमच्या छंदातला पहिला नियम. पानिपतावर शेकडो पुस्तकं आहेत, मला मात्र त्यात दर वेळी तो न सापडलेला उतारच दिसतो. २०२३च्या जुलैत यमुना जुन्या लोखंडी पुलाशी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८चा उच्चांक मोडला, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी हेच बोलत होतो. बायकोने आवाज वाढवला. टीव्हीचा.

शेवटी मे महिन्यात पाहणीला गेलो. देवरुखहून रत्नागिरीकडे, मग राजापूरच्या बाजूला. सडे पाहून जीव हरखला. मैलोगणती उघडा कातळ, ना झाड ना कुंपण. मनात मी त्यावर गाडी घातलीसुद्धा. बरोबरच्या मामेभावाने थांबवलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. पायाशी कातळात कोरलेला मासा होता, माझ्या दुप्पट लांबीचा. हजारो वर्षांपूर्वी कुणी कोरला कोण जाणे. अशी कातळशिल्पं या सड्यांवर जागोजाग आहेत, २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. “आणि पाऊस पडला की या कातळावर फुलं येतात, एवढीएवढीशी,” भाऊ म्हणाला, “मड टायर त्यांच्यासाठी नसतात दादा.” मी टायरकडे बघत राहिलो. अरवलीचे उघडे डोंगर बघतानाही मला ते असेच रिकामे वाटले होते. जीपवाल्याला रिकामं दिसणं हा डोळ्यांचाच विकार असावा.

बायकोने निकाल दिला. “तू जाणार की जीप जाणार? दोघांची बदली एकदम काढू नकोस. ओल तुझ्या सांध्यांना चालत नाही, आणि चार महिने कपडे चुलीवर वाळवायला मी येणार नाही. जीपला सांधे आहेत, पण तिला तक्रार करता येत नाही.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय त्या पडवीचं छप्पर शाकारायचं कोण, आगोटीची बेगमी करायची कोण, हे प्रश्न माझ्या वहीत नव्हतेच. पाऊस आवडतो म्हणणाऱ्या माणसाला पावसाआधीचा मे महिना माहीत नसतो.

दिवाळीनंतर ना-हरकत दाखला काढला आणि जीप मीच चालवत नेली. जयपूर, उदयपूर, वडोदरा, मुंबई. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं होतं, त्यामुळे लो रेशोत गाडी घालायची संधी तिला राष्ट्रीय महामार्गावरच मिळाली. महिनाभरात एचआर २६ची एमएच ०८ झाली. चासीला मामांनी जळकं तेल फासलं. दोरी आणि शॅकल मी परत आणली. गुरुग्रामला पावसाळा आहेच. शिमग्याला कळलं की जीपमधून आता खताची पोती, आंब्याच्या पेट्या आणि एकदा तर अडलेली गाय असं सगळं जातं. ज्या कामासाठी जीप जन्माला आली ते काम ती बाराव्या वर्षी करू लागली. आमच्या रविवारच्या कंपूला हे सांगितलं तर एकजण म्हणाला, “यार, बेचारी को नौकरी पे लगा दिया.”

परवा सकाळी मामांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज इतका, की निम्मे शब्द वाहून गेले.

“तुझी गाडी साकवाच्या अलीकडे एक्सलपर्यंत रुतलेय. बैल लावून काढू, का तू येतोस?”

“बैल लावू नका मामा. मी येतो.”

निजामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेस आहे. रत्नागिरीचं तिकीट काढलं, वेटिंग सदतीस. बायको म्हणाली, “दोन काढायची होतीस.”